वितळलेला बर्फ आणि बाळाची लस

प्रश्न : बाळंतपणासाठी मी सुरगाणा तालुक्यातील माहेरी होते. पावसामुळे दोन दिवस वीज खंडित होत असतानाही तिथल्या उपकेंद्रात बाळाला दीड महिन्याच्या लसी दिल्या गेल्या. डब्यातील बर्फ बराचसा वितळलेला मी पाहिला. सासूबाईंच्या मते लस वाया गेली असणार. ती पुन्हा द्यावी का? – एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : आपण जे पाहिलेत ते बहुधा निष्काळजीपणाचे नव्हे, तर नियमाचे पालन होते. डब्यात ठेवायचे आईस पॅक डीप फ्रीजरमधून काढल्यावर, हलवले असता आतून पाण्याचा आवाज येईपर्यंत बाहेर ठेवावे लागतात, कारण दगडासारखा गोठलेला पॅक शेजारच्या कुपीला शून्याखाली नेऊ शकतो.

लस जितकी थंड तितकी चांगली, ही समजूत घरोघरी आहे आणि काही दवाखान्यांतही ती आढळते. प्रत्यक्षात बहुतेक लसींना २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागते. तोंडावाटे द्यायची पोलिओ लस उष्णतेने सर्वांत लवकर बिघडते, म्हणून वरच्या पातळीवरील साठ्यात ती उणे २० अंशांच्या आसपास ठेवतात. याउलट पाच आजारांवर एकत्र दिल्या जाणाऱ्या पेंटाव्हॅलंट लसीत ॲल्युमिनियमचे क्षार असतात; ती एकदा गोठली की त्या क्षारांचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि वितळल्यानंतरही लस पूर्ववत होत नाही. हिपॅटायटिस बी ची लस तर उणे अर्ध्या अंशालाच गोठू लागते. अशी लस टोचली तरी बाळाला अपेक्षित संरक्षण मिळत नाही, आणि बाहेरून कोणाच्या लक्षातही येत नाही.

उष्णतेचे तसे नाही, ती आपली खूण मागे ठेवते. कुपीवरील वर्तुळात एक फिकट चौकोन असतो, जो उष्णतेने हळूहळू गडद होत जातो. तो वर्तुळाच्या रंगाचा किंवा त्याहून गडद झाला की कुपी फेकून द्यायची. पोलिओच्या कुप्यांवर ही खूण १९९६ पासून येऊ लागली. मात्र कुपी गोठून गेली असेल, तर हा चौकोन त्याबद्दल काहीच सांगत नाही. त्यासाठी त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवतात, संशयित कुपीबरोबर हलवून ठेवतात आणि कोणत्या कुपीतील गाळ लवकर खाली बसतो ते पाहतात. संशयित कुपीतील गाळ तितक्याच वेगाने बसला, तर ती लस बाद.

विजेचे म्हणाल, तर उपकेंद्राला लस जिथून येते त्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील आयएलआर या शीतपेटीला बर्फाचे अस्तर असते आणि २४ तासांत ८ तास वीज मिळाली तरी ती तापमान टिकवते. तिचे झाकण वरच्या बाजूला असते, कारण थंड हवा जड असल्याने उघडल्यावरही आतच राहते. घरच्या फ्रीजला ही सोय नाही. वीज सलग दोन दिवस गेली असती, तर तापमानाची नोंदवही पाहून साठा दुसरीकडे हलवणे हे केंद्राचे काम होते. ती नोंद दाखवा, असे आपण निःसंकोच विचारू शकता.

तेव्हा केवळ वितळलेल्या बर्फावरून लस पुन्हा देऊ नये. साठा बिघडल्याचे केंद्रानेच कळवले, तरच डॉक्टरांच्या सल्ल्याने तसा निर्णय घ्यावा. बाळ १० आठवड्यांचे झाले की पुढची मात्रा असेल. त्या वेळी कुपीवरील चौकोन दाखवण्याची विनंती आरोग्यसेविकेला जरूर करा.