नागपूरच्या गच्चीवरून पृथ्वी मोजायची: २६ मे, दुपारी १२ वाजून १० मिनिटं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जगातल्या अजब गोष्टींच्या याद्या वाचून झाल्या, पण पेरू किंवा आइसलँडला जाणं काही होणार नाही. नागपुरातच, पैसे न घालता, मुलांना सोबत घेऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल असं जगावेगळं काही आहे का?

आहे, आणि ते दिल्लीला, लंडनला किंवा न्यूयॉर्कला राहणाऱ्यांच्या नशिबात नाही. २६ मेच्या दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी नागपुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. शून्य सावली दिवस तो हाच. सूर्य डोक्यावर येतो तो फक्त कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यान. अमेरिकेच्या पन्नास राज्यांपैकी एकट्या हवाईला हे दिसतं आणि तिथे त्या दुपारला ‘लहायना नून’ असं खास नाव आहे. नागपूर २१.१५ अंश उत्तरेला, म्हणजे कर्कवृत्ताच्या सुमारे २५० किलोमीटर अलीकडे आहे. म्हणून आपल्याला हा योग वर्षातून दोनदा मिळतो: २६ मे आणि १७ जुलैच्या आसपास. जुलैत ढग असतात, त्यामुळे मे महिनाच धरा.

नुसती सावली गायब झालेली बघणं मात्र दोन मिनिटांत संपतं. माझ्या मते खरी मजा पुढे आहे: त्याच दुपारी, पुठ्ठ्याला पाडलेल्या एका भोकावर, पृथ्वीचा परीघ काढता येतो.

इ.स.पू. २४० च्या सुमारास इजिप्तमध्ये एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानानं हेच केलं. सायीन म्हणजे आजचं अस्वान. तिथे उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो, हे माहीत होतं. त्याच वेळी अलेक्झांड्रियात सावलीचा कोन भरला वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणजे ७.२ अंश. दोन गावांमधलं अंतर ५,००० स्टेडिया (स्टेडियम हे तेव्हाचं लांबीचं माप) धरलं होतं, म्हणून पृथ्वीचा घेर त्याच्या पन्नास पट, २,५०,००० स्टेडिया. एक स्टेडियम नेमका किती लांब यावर आजही एकमत नाही, त्यामुळे त्याचं उत्तर किती टक्के बरोबर होतं हे छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर फार विश्वास ठेवू नका. रीत मात्र चोख होती.

आता योगायोग बघा. नागपूरच्या जवळपास सरळ उत्तरेला उत्तर प्रदेशातलं बरेली आहे. रेखांशात फरक जेमतेम एका अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याचा, आणि अक्षांशात फरक ७.२ अंश. म्हणजे अलेक्झांड्रिया आणि सायीनची जोडी होती, तशीच आपली नागपूर आणि बरेलीची. सरळ रेषेत अंतर ८०० किलोमीटर. ८०० गुणिले ५० म्हणजे ४०,०००, आणि पृथ्वीचा ध्रुवांवरून जाणारा खरा घेर ४०,००८ किलोमीटर. बरेलीत कुणी ओळखीचं, नात्यातलं किंवा एखादी शाळा असेल तर आधीच फोन करून ठेवा.

सामान दोन्हीकडे एकच. वीत-दीड वीत लांबी-रुंदीचा जाड पुठ्ठा, त्याच्या मधोमध खिळ्यानं पाडलेलं ३ मिलिमीटरचं भोक, गवंड्याचा ओळंबा, स्टीलची टेप, टोकदार पेन्सिल आणि खाली अंथरायला पांढरा कागद. पुठ्ठा सुमारे १ मीटर उंचीवर आडवा बसवायचा. दोन ड्रमवर एक फळी आडवी टाकून तिच्या कडेला पुठ्ठा बाहेर काढला तरी चालतं, टेबलाच्या कडेला बाहेर काढला तरी चालतं. उंची बरोबर १०० सेंटीमीटरच हवी असं नाही. भोकापासून कागदापर्यंतची उंची मोजून ठेवा, पुढे त्याच आकड्यानं भागायचं आहे. बरेलीवाल्यानं पुठ्ठा टेबलाच्या उत्तरेकडच्या कडेला लावावा, कारण त्याच्याकडे उजेडाचा ठिपका उत्तरेला पडणार. पुठ्ठ्यावर दोन्ही बाजूंना वजन ठेवा. मे महिन्यातल्या झळा पुठ्ठा सहज हलवतात, आणि एकदा हलला की आधीची सगळी मापं वाया.

आता ओळंब्याचा दोरा भोकातून खाली सोडा, तो स्थिर होऊ द्या आणि त्याच्या टोकाखाली कागदावर फुली मारा. मग दोरा काढून टाका, नाहीतर भोक बुजतं. कागदावर पुठ्ठ्याची सावली पडेल आणि त्या सावलीत १२ मिलिमीटरचा एक गोल उजेड दिसेल. ते सूर्याचं चित्र आहे. काठीऐवजी भोक वापरायचं कारण हेच. सूर्य ठिपका नाही, तो आकाशात अर्धा अंश रुंद आहे. त्यामुळे १ मीटरच्या काठीच्या सावलीचं टोक ९ मिलिमीटर धूसर असतं आणि नेमकं कुठे मोजायचं यावरच भांडण होतं. गोल ठिपक्याचा मध्य मात्र मिलिमीटरपर्यंत सांगता येतो. इटलीतल्या बोलोन्याच्या सान पेत्रोनियो चर्चमध्ये खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीनं १६५५ मध्ये हीच युक्ती २७ मीटर उंचीवरच्या भोकानं केली आणि ६७ मीटर लांब रेषेवर सूर्य वर्षभर मोजला. आपलं काम १ मीटरवर भागतं.

१२ वाजता सुरुवात करा. नागपुरात तेव्हा ठिपका फुलीच्या पश्चिमेला ४ सेंटीमीटरवर असेल आणि मिनिटाला ४ मिलिमीटर या वेगानं पूर्वेकडे सरकत येईल. नीट बघितलं तर हालचाल डोळ्यांना दिसते. मुलं इथेच गुंततात. १२:१० ते १२:११ च्या दरम्यान तो फुलीवर चढतो. त्याच वेळी बाजूला सरळ कडांचा स्टीलचा डबा उभा ठेवा, त्याची सावली गेलेली दिसेल. डबा खरोखर सरळ हवा. वर निमुळता होत जाणारा पेला पालथा ठेवलात तर त्याचा उतारच सावली झाकतो: कडा ४ अंश कललेल्या असतील तर १२:१० च्या आधी आणि नंतर सतरा-सतरा मिनिटं सावली ‘नाही’ असंच वाटेल. निमुळत्या खांबांचे फोटो टाकून वेळेवर वाद घालणाऱ्यांचं हेच होतं.

बरेलीत दर दोन मिनिटांनी, १२ ते १२:२० पर्यंत, ठिपक्याच्या मध्यावर खूण करायची. खुणा एका जवळपास सरळ पूर्व-पश्चिम ओळीत येतात. फुलीपासून त्या ओळीचं सर्वांत कमी अंतर मोजा. १ मीटर उंचीला ते सुमारे १२.७ सेंटीमीटर भरलं पाहिजे, आणि ही वेळ १२:०९ च्या आसपास येते. तिथे पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तरी अंतरात दीडच मिलिमीटरचा फरक पडतो. नागपुरात पाच मिनिटं म्हणजे २ सेंटीमीटर. घड्याळाची खरी काळजी नागपूरकरालाच घ्यायची आहे.

हिशेब असा. समजा अंतर १२.६ आणि उंची १००. भागाकार ०.१२६. मोबाइलच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर टॅन इन्व्हर्स दाबा: ७.१८ अंश. ३६० भागिले ७.१८ म्हणजे ५०.१, गुणिले ८०० म्हणजे सुमारे ४०,१०० किलोमीटर. उत्तर ०.१२५ असं काहीतरी आलं तर कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे, तो डिग्रीवर आणा. कंपासपेटीतल्या कोनमापकानं हे करू नका. त्यावर पाव अंशाची चूक सहज होते, आणि पाव अंश म्हणजे १,४०० किलोमीटर.

चुका कुठे होतात? सगळ्यात मोठी गुण्यामुळे, म्हणजे काटकोन बघायच्या गवंड्याच्या साधनामुळे. अनेक जण काठी फरशीला गुण्या लावून काटकोनात उभी करतात. पण गच्चीला पावसाचं पाणी वाहून जाण्यासाठी ढाळ दिलेला असतो. शंभराला एक एवढा जरी ढाळ असला तरी काठी अर्ध्या अंशाहून जास्त कलते, ठिपका १ सेंटीमीटर सरकतो आणि परिघात ३,००० किलोमीटरचा घोळ होतो. गंमत म्हणजे तोच ढाळ ओळंबा वापरल्यावर काहीच बिघडवत नाही, मापातला फरक पाव मिलिमीटरही नसतो. फरशी समपातळीत आणायच्या नादी लागू नका, भोकाखालची फुली ओळंब्यानं मारा एवढंच.

दुसरी चूक अंतराची. रस्त्याचं किंवा रेल्वेचं अंतर घेऊ नका. वळशांमुळे ते वीस टक्के जास्त निघालं तर पृथ्वी ४८,००० किलोमीटरची होते. नकाशाच्या ॲपमधल्या अंतर मोजण्याच्या सोयीनं सरळ रेष काढा. टेपचंही सांगून ठेवतो: तिच्या टोकाची पट्टी मुद्दाम थोडी सैल असते, आणि जुन्या टेपची जास्तच. शून्याऐवजी १० च्या खुणेपासून मोजा आणि १० वजा करा. १ मिलिमीटरची चूक म्हणजे घेरात ३०० किलोमीटर.

२६ तारखेलाच ढग आले तर? सूर्य त्या दिवसांत रोज साधारण २० किलोमीटर उत्तरेला सरकतो. एका दिवसाच्या फरकानं ठिपका ३ मिलिमीटर बाजूनं जातो, एवढंच. २५ किंवा २७ तारखेला नागपुरातही फुलीपासूनचं अंतर मोजा आणि हिशेबात धरा: ठिपका फुलीच्या उत्तरेला असेल तर बरेलीच्या अंतरातून वजा, दक्षिणेला असेल तर मिळवा. याच सरकण्यामुळे चंद्रपूरला हा दिवस २० मेच्या आसपास, यवतमाळला २२, वर्ध्याला २४, अमरावतीला २५ आणि गोंदियाला २८ मेच्या आसपास येतो.

चंद्रपूरचा भाऊ जोडीदार म्हणून चालेल का? हौस म्हणून चालेल, मापासाठी नाही. फरक सव्वा अंशाचाही नाही, ठिपका २ सेंटीमीटरच सरकेल आणि १ मिलिमीटरच्या चुकीनं उत्तर पाच टक्के हलेल. तिरुपती मात्र छान: साडेसात अंश दक्षिणेला, आणि तिथे त्या दुपारी सूर्य उत्तरेकडे असल्यानं ठिपका फुलीच्या दक्षिणेला १३ सेंटीमीटरवर पडतो. एकाच दुपारी बरेलीत उत्तरेला, तिरुपतीत दक्षिणेला, नागपुरात कुठेच नाही. पुण्या-मुंबईचा जोडीदार असेल तर त्यानं त्याच्या गावच्या मध्यान्हाला मोजावं आणि अंतर फक्त उत्तर-दक्षिण घ्यावं, तिरकं नाही.

जाता जाता: पृथ्वीचा आकार मोजण्याचं हे काम आपल्याच देशात एकानं वीस वर्षं केलं. विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून सुरू केलेलं त्रिकोणमितीय सर्वेक्षण अर्धा टन वजनाच्या थिओडोलाइटसह (कोन मोजायच्या यंत्रासह) उत्तरेकडे सरकत आलं. नागपूरकडे येत असताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला आणि त्याची कबर तिथेच आहे. नागपुरातल्या झिरो माईलच्या खांबापाशी फोटो काढणाऱ्यांपैकी फार थोडे तिथपर्यंत जातात.

उन्हाचं गंभीरपणे घ्या. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झालेला असतो. डोक्याला दुपट्टा, पायात चप्पल, पाण्याची बाटली. मांडणी सकाळी करून ठेवा, मुलांना १२ च्या आधी वर आणू नका आणि १२:२० ला खाली. सूर्याकडे कुणीही बघायचं नाही, भोकातून तर मुळीच नाही.

एखादा हुशार भाचा म्हणेल की पृथ्वी सपाट आणि सूर्य ६,३०० किलोमीटर उंचीवर धरला तरी नागपूर-बरेलीचे हेच आकडे येतात. त्याचं म्हणणं बरोबर आहे. दोन गावांनी घेर निघतो, पण गोलपणा आधी गृहीत धरावा लागतो. त्याला लंडनमधला कुणीतरी शोधायला सांगा. त्याच दिवशी तिथल्या घड्याळात दुपारी १२:५७ ला, १ मीटर उंचीच्या भोकाचा ठिपका मोजायचा. सपाट पृथ्वीवर तो ५३.४ सेंटीमीटरवर पडायला हवा. पडतो ५८.५ वर.