पालिकेच्या जलतरण तलावावर फक्त महिलांची बॅच ठेवणं हा घटनेच्या कलम १५ मधल्या समानतेच्या हक्काचा भंग नाही का? पुरुषांनी तक्रार केली तर टिकेल का?

नाही टिकणार. तुम्ही प्रश्नात कलम १५ चा दाखला दिलाय, पण ते पुढे वाचलेलं दिसत नाही. सरकारी पैशातून चालणाऱ्या विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या वापरात केवळ लिंगावरून कुणाला आडकाठी करता येणार नाही, हे १५(२) मध्ये आहे, खरं. त्याच्या लगेच खाली १५(३) आहे. स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठी विशेष तरतूद करायला या कलमातलं काहीही आड येत नाही, असं ते सांगतं. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीलाच जळगाव नगरपालिकेतल्या स्त्रियांच्या राखीव जागांविरुद्ध कुणीतरी मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं. न्यायालयाने १५(३) वर बोट ठेवून त्या जागा कायम ठेवल्या. म्हणजे हा वाद माझ्या जन्माच्या आधीच निकालात निघालाय.

आणि घटनेत तलाव-विहिरींचा उल्लेख वाचला की मला २० मार्च १९२७ चं महाड आठवतं, चवदार तळं आठवतं. पाण्यापासून ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या लांब ठेवलं त्यांच्या बाजूचे ते शब्द आहेत. तेच पुढे करून बायकांना पाण्याबाहेर काढायला निघालेल्यांचा मला राग येतो. आमच्या गावात नेमकं हेच झालं म्हणून हे उत्तर लिहितेय.

आमच्या पालिकेच्या तलावावर दुपारी लेडीज बॅच असायची. कोच बाई, जीवरक्षक बाई, त्या तासाला गेटच्या आत पुरुष नाही. मी चाळिशी ओलांडल्यावर तिथे पोहायला शिकले, गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. माझ्यासोबत भाजीवाल्या मावशी होत्या, दोन शिक्षिका होत्या, सलवार-कमीज घालूनच पाण्यात उतरणारी एक नवी सून होती. तिला कॉस्च्युम घालायला घरून परवानगी नव्हती आणि कोच बाईंनी त्यावरून तिला कधी परत पाठवलं नाही. ती सगळ्यांत आधी खोल बाजूला गेली.

मग एका गृहस्थांनी अर्ज दिला. आम्हीही कर भरतो, दुपारी तलाव आम्हाला बंद, हा अन्याय आहे, वगैरे. कार्यालयाने कायदेशीर मत वगैरे न मागवता फलक लावला: आजपासून सर्व वेळा सर्वांसाठी खुल्या. आम्ही विचारायला गेलो तर साहेब म्हणाले, "ताई, कायदा सगळ्यांना सारखा, आम्ही काय करणार?"

महिन्याभरात भाजीवाल्या मावशी यायच्या थांबल्या. नव्या सुनेचा पास संपला तो पुन्हा काढलाच नाही. तलाव सर्वांसाठी खुला झाला आणि बायका घरी बसल्या.

घरात यावर सगळ्यांत जास्त वाद माझ्या थोरल्या भावाशी झाला. दादाचं म्हणणं: "तुम्हालाच बरोबरी हवी आणि तुम्हालाच वेगळी बॅच हवी, दोन्ही कसं चालेल?" ज्या दादाने हे म्हटलं तो पोहायला शिकला आमच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून, काकांनी वरून ढकलून. उन्हाळाभर गल्लीतली सगळी पोरं तिथे. मी काठावर बसून त्याचे कपडे सांभाळायची. मी उतरते म्हटलं की आजी ओरडायची. ती विहीर फक्त पुरुषांची आहे असा फलक कुणी लावला नव्हता, त्यामुळे तिच्याविरुद्ध अर्जही कुणी केला नाही. दादा, तुला आख्खं बालपण राखीव बॅच मिळाली होती. मला चाळिशीनंतर एक तास मिळाला तर त्याला तू विशेष सवलत म्हणतोस?

आम्ही माहिती अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचा स्टॅम्प लावून एवढंच विचारलं की बॅच बंद होण्याआधी आणि नंतर कोणत्या वेळेचे किती पास महिलांच्या नावावर निघाले. उत्तर आलं ते बघून वाद घालायची गरजच उरली नाही. मिश्र वेळांत बायकांचे पास बोटांवर मोजण्याइतके होते. तो कागद आणि १५(३) ची प्रत जोडून वरच्या अधिकाऱ्यांना निवेदन दिलं. बॅच पुन्हा सुरू झाली. मावशी परत आल्या. नवी सून नाही आली, आणि त्याबद्दल त्या अर्जदार गृहस्थांना मी अजून माफ केलेलं नाही.

आता तुमच्या बाजूचं. १५(३) म्हणजे बायकांच्या नावावर काहीही खपवता येतं असं नाही. दारू मिळते तिथे बायकांनी नोकरी करू नये असा पंजाबच्या अबकारी कायद्यातला नियम सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केला, कारण रक्षणाच्या नावाखाली ती बंदीच होती. उलट बाजूने, सकाळ-संध्याकाळच्या सगळ्या सोयीच्या वेळा महिलांना देऊन नोकरदार पुरुषांना एकही वेळ ठेवली नसेल, तर तुमच्या तक्रारीत दम आहे. मग वाढीव वेळ मागा, आम्ही बायका सही करू. चालू बॅच बंद करा असं मात्र मागू नका.

तृतीयपंथी स्त्रियांचं काय, असं खाली कुणी विचारेलच. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि २०१९ च्या कायद्याने सार्वजनिक सोयींमध्ये त्यांच्याशी भेदभाव करायला मनाई केली. आमच्या बॅचला कुणी आली असती तर मी तरी शेजारची लेन दिली असती. चेंजिंग रूमला दारं आणि कड्या धड हव्यात, ही मागणी आमची तशीही जुनीच आहे.

मी वकील नाही. खासगी क्लबचा प्रश्न असेल तर आधी वकिलाला विचारा. पालिकेचा तलाव असेल तर आधी पासांचं रजिस्टर मागवा आणि मग अर्ज लिहा.