वडिलांची किडनी कमजोर आहे, क्रिएटिनिन 3.8, काढा सुरू करू का? काकांनी पाठवलंय, तैवानमधे काढे घेणारे किडनी पेशंट जास्त जगतात म्हणे

तुमच्या काकांनी पाठवलेली तैवानची माहिती खोटी नाहीये. तिथल्या सरकारी विम्याच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासांत वनौषधी घेणाऱ्या किडनी पेशंट्सवर डायलिसिसची वेळ कमी आली, मृत्यूही कमी दिसले. पण ती औषधं नोंदणीकृत वैद्यांनी लिहून दिलेली, कारखान्यात बनलेली, विम्यात नोंदलेली. शिवाय ज्याच्या अंगात हिंडण्याफिरण्याचं बळ आहे तोच वैद्याकडे चकरा मारतो, अंथरुणाला खिळलेला माणूस तिथवर पोचतच नाही आणि तो गेला की मोजला जातो 'न घेणाऱ्यां'मधे. म्हणजे आकडा आधीच एका बाजूला झुकलेला. त्याच तैवानचा 2008 चा लॅन्सेटमधला अभ्यास बघा, साडेचार लाखांहून जास्त लोक, आणि त्यात नियमित वनौषधी घेणाऱ्यांमधे किडनीचा आजार जवळपास 20 टक्के जास्त निघाला.

आता माझ्या आईचं सांगते, तीही किडनीची पेशंट. तिला गावाकडच्या एका वैद्यांनी घेटुळी आणि गोखरूचा काढा दिला होता, घेटुळी म्हणजे पुनर्नवा. रोज पहाटे स्टीलच्या पातेल्यात दोन पेले पाणी आटवून अर्धा पेला करायची, आम्हाला वाटलं झाडपालाच तर आहे. तीन आठवड्यांनी तिला जिना चढवेना, पाय उचलतच नव्हते, रिपोर्टमधे रक्तातलं पोटॅशियम 6.7, कमजोर किडनीला ते बाहेर टाकता येत नव्हतं! रात्रीतच आयसीयू. त्यात बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू होती, तीही पोटॅशियम वाढवते, आणि वैद्यांनी चालू गोळ्या कोणत्या हे विचारलंच नव्हतं आणि आम्हीही किडनीच्या डॉक्टरांना काढ्याचं बोललो नव्हतो, ही आमची चूक. नंतर डायटिशियननी समजावलं ते डोक्यात पक्कं बसलंय, त्या म्हणाल्या, अहो भाजी उकळून पाणी फेकून द्या असं मी का सांगते, पोटॅशियम पाण्यात उतरतं म्हणून, आणि तुम्ही तर तेच पाणी आटवून पाजताय.

सगळ्याच वनस्पती वाईट असं मी म्हणत नाहीये, आयुर्वेदावर माझा राग नाही. पण 90 च्या दशकात ब्रसेल्समधे वजन कमी करायच्या कॅप्सूलमधे एका चिनी मुळीच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकियाची मुळी गेली आणि धडधाकट बायकांच्या किडन्या निकामी झाल्या. आपल्याकडे सापाच्या विषावर देतात ती सापसण, म्हणजे ईश्वरी, त्याच जातकुळीतली. आणि भस्मं असतील तर पारा, शिसं हा वेगळाच प्रश्न, बिनलेबलची पुडी तर घरातच ठेवू नका.

3.8 ला काढा स्वतःहून अजिबात सुरू करू नका. आधीच सुरू केला असेल तर आज थांबवा आणि पोटॅशियम तपासून घ्या, पण बीपी-शुगरच्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नका. पुढच्या ओपीडीला काढ्याची पुडी सोबत न्या, डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. बाबांच्या शेवटच्या रिपोर्टमधे पोटॅशियम किती आलंय? 5.5 च्या वर असेल तर ओपीडीच्या तारखेची वाट बघू नका, आजच डॉक्टरांना फोन करा.