रिकामा डबा

पत्र थोडक्यात असं आहे: "ताई, मी नागपूरचीच, सदरला राहते, वय ४३. दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या किडन्या गेल्या, बुटीबोरीची नोकरीही गेली. आठवड्यातून दोनदा मेडिकलला (सरकारी दवाखान्यात) डायलिसिस असतं. मी शिवणकाम करते, मुलगी बारावीला आहे. चर्चचे लोक सुरुवातीला यायचे, प्रार्थना करायचे, आता कोणी फिरकत नाही. मोठ्या जाऊबाईंनी तर फोनसुद्धा केला नाही. शेजारच्या काकू डबा द्यायच्या, त्या एकट्याच राहतात, बौद्ध आहेत, आता त्याही यायच्या बंद झाल्या, मध्ये एकदोनदा बेल वाजवली होती त्यांनी पण मी उघडलं नाही, लाज वाटली, डबाही माझ्याकडेच पडून आहे. मी पंधरा वर्षं संडेस्कूल शिकवलं, दर नाताळात घरोघरी फराळ पोचवला. योहान १३:३४ रोज वाचते, एकमेकांवर प्रीती करा. मी तर केली. माझ्यावर कोण करतंय? माझाच विश्वास कमी पडतोय का?"

बाई, मी तुझ्याहून बरीच मोठी आहे, तेव्हा तुला 'तू'च म्हणते.

जाऊबाईंचं सोड. दोन पानी पत्रातलं एक अख्खं पान तू त्यांना दिलंस (ते मी वर छापलं नाही), आणि ज्या बाईने तुझ्या घरात अन्न आणलं तिला दीड ओळ. चर्चच्या लोकांचं चुकलं हे खरं आहे, आजारपण लांबलं की लोक पांगतात, पास्टरांना सरळ फोन करून सांग की प्रार्थना पुरे, आता माणूस पाठवा. आणि मेडिकलमध्ये जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला अजून भेटली नसशील तर उद्याच भेट, डायलिसिस त्या योजनेत बसतं, रेशनकार्ड आणि आधार सोबत ने. झालं, हे एवढंच.

आता डब्याचं बोलू.

तू लिहितेस की काकूही यायच्या बंद झाल्या. आणि त्याच्या पुढेच लिहितेस की त्यांनी बेल वाजवली आणि तू उघडलं नाही. हे दोन्ही तू एका दमात लिहून गेलीस आणि तुला त्यात काही वावगं दिसलं नाही, मला मात्र तिथून पुढे वाचवेना. अगं त्या बंद नाही झाल्या, तू बंद केलंस.

लाज कशाची वाटली ते तू लिहिलं नाहीस पण मला कळतं. डबा रिकामा परत करायचा नसतो हे आपल्या सगळ्यांच्या आयांनी शिकवलंय, काही नसलं तर चिमूटभर साखर टाक पण रिकामा देऊ नकोस. दोनचार वेळा तू काहीबाही टाकून परत केला असशील. मग एक दिवस टाकण्यासारखं काही उरलं नसेल आणि तो डबा घासूनपुसून ओट्याच्या कोपऱ्यात उपडा पडला. आज नको उद्या, असं करता करता आठवडे गेले आणि आता तो डबा दिसला तरी तू मान फिरवतेस. असंच झालं ना?

पण जरा दाराच्या पलीकडे उभी राहून बघ. मी उभी राहिले आहे म्हणून सांगते. कोरोनात, २०२१ च्या एप्रिलमध्ये, आमच्या लाइनीतल्या एका घरी मी रोज वरणभात नेऊन द्यायची, त्यांच्या घरचे दोघं गेले होते. आठदहा दिवसांनी त्यांनी दार उघडणं सोडलं. आत पंखा चालू असलेला ऐकू यायचा. मला वाटलं माझ्या हातचं आवडलं नसेल, मग वाटलं आपलं काहीतरी बोलणं लागलं असेल, कितीतरी दिवस मी तेच घोळवत बसले होते, रात्री झोप नाही यायची. शेवटी मी जाणं सोडलं. कारण काय होतं ते मला आजपर्यंत कोणी सांगितलं नाही.

आणि मी तर त्यांच्याच चर्चची होते. तुझ्या काकू बौद्ध आहेत. बाई, तू नागपुरात राहतेस, तुला मी काय सांगावं. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांसोबत लाखो माणसं का उभी राहिली, त्यांच्या हातचं पाणी लोकांना चालत नव्हतं म्हणूनसुद्धा ना. आपल्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांच्या आजोबापणजोबांनी तेच भोगलंय. त्या समाजातली एक म्हातारी बाई स्वतःच्या हातचं अन्न घेऊन तुझ्या दारात येते, बेल वाजवते, आत तुझी मशीन चालू आहे हे तिला ऐकू येतं, आणि दार उघडत नाही. ती काय समजून घरी गेली असेल? तुझ्या मनात तसलं काही नव्हतं, मला माहीत आहे. पण तिला कुठून माहीत असणार.

तू विचारतेस विश्वास कमी पडतोय का. नाही. तुझा ताठा जास्त पडतोय. देताना तुला कधी त्रास झाला नाही, फराळाची ताटं घेऊन तू दारोदार फिरलीस ते तुला सोपं होतं, कारण तेव्हा तू वर होतीस. घ्यायची वेळ आली आणि तुझं दार लागलं.

योहान १३:३४ रोज वाचतेस ना, मग त्याच अध्यायात जरा वर जा, ८ वं वचन वाच. तीच शेवटच्या भोजनाची रात्र, तीच माडी. प्रभू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतोय आणि पेत्र पाय मागे घेतो, म्हणतो माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. किती नम्र वाटतं ना ऐकायला. आणि प्रभू त्याला काय म्हणाला, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. सरळ वाटाच नाही म्हणाला. एकमेकांवर प्रीती करा ही आज्ञा त्यानंतर आली, आधी सगळ्यांना पाय पुढे करावे लागले. दरवर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी आपण हे ऐकतो आणि धुणाऱ्याबद्दल बोलतो, पाय पुढे करणाऱ्याबद्दल कोणी बोलत नाही. तुझ्या आज्ञेत "एकमेकांवर" आहे बाई. तू अर्धीच पाळलीस, आणि आता दुसऱ्यांचा हिशेब मांडून राहिलीस.

मूळ भाषांवरून आपल्याला मराठीत बायबल करून दिलं त्या पंडिता रमाबाईंनी स्वतःच्या दुष्काळातल्या दिवसांबद्दल लिहून ठेवलंय. आई मरायला टेकलेली, खायला मागते, आणि रमा शेजारणीच्या दारात बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला जाऊन उभी राहते. तोंडातून शब्द निघेना, डोळ्यांतलं पाणी दाबून धरलं तर ते नाकातून वाहायला लागलं. शेवटी त्या बाईलाच विचारावं लागलं की काही खायला हवं का. भाकर मिळाली पण आईला ती खाववली नाही. पुढे १८९७ च्या दुष्काळात हीच बाई आपल्या मध्य प्रांतात आली आणि शेकडो भुकेल्या मुलींना केडगावला घेऊन गेली. मागताना काय होतं हे तिला ठाऊक होतं, म्हणून त्या मुलींना तिच्यापुढे तोंड उघडावं लागलं नसेल असं मला नेहमी वाटतं.

तेव्हा आज, हे वाचून झालं की, तो डबा घे आणि काकूंकडे जा. रिकामाच ने. साखरेचा दाणासुद्धा टाकू नकोस, काहीतरी करून नेते म्हणून थांबलीस की आणखी आठवडा जाईल, ओळखते मी तुला. बेल वाजव. त्यांनी उशिरा उघडलं तर थांब, तू त्यांना जेवढं थांबवलंस तेवढं तरी थांब. आणि सांग की काकू, तुमच्या अन्नात काही नव्हतं, मला लाज वाटली होती, डबा रिकामा होता म्हणून दार उघडलं नाही. असंच्या असं सांग, कामात होते, तब्येत बरी नव्हती असलं काही मध्ये घालू नकोस.

मग त्या आत बोलावतील. चहा ठेवतील, नको म्हणू नकोस. आणि पुढच्या डायलिसिसला ह्यांच्याजवळ चार तास बसायला कोणी नाही, तुझ्या ब्लाउजच्या ऑर्डरी अडल्यात, हेही सांग, काकू बसाल का विचार. एकट्या बाईलाही कोणीतरी हक्काने काही मागावं असं वाटत असतं.

निघताना डबा तिथेच ठेवून ये आणि पथ्य नीट समजावून दे, मीठ एकदम कमी, आलू टमाटर डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच, नाहीतर त्या दुसऱ्याच दिवशी आलूची रस्सेदार भाजी भरून पाठवतील.