बाळाचं नख लागून दोन महिने झाले, डोळा पहाटेच का दुखतो?

नंबर वाढला असेल का, असं विचारलंय तुम्ही. नंबराचा इथे काही संबंध नाही.

नखाने कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेची, वरची साल निघते. ती दोन-तीन दिवसांत भरून येते, पण खालच्या थराला घट्ट धरायला तिला आठवडे, कधी महिने लागतात. झोपेत अश्रू कमी होतात आणि पापणी त्या सैल सालीला आतून चिकटते. पहाटे डोळा झटकन उघडला की साल पापणीबरोबर उचलली जाते. मग घळाघळा पाणी, उजेड नकोसा, कुसळ गेल्यासारखं खुपणं. जखम बारीक असली तर काही तासांत मिटते, म्हणून दुपारी तपासणीत डोळा साफ! ‘मनाचे खेळ’ म्हणणाऱ्यांनी पेशंटला सकाळी आठला बोलवावं आणि फ्लुरोसिन या रंगाची कागदी पट्टी लावून निळ्या उजेडात बघावं. उघडी जागा हिरवी चमकते.

झोपताना खालची पापणी ओढून आत तांदळाच्या दाण्याएवढं डोळ्यांचं वंगणाचं मलम घाला. डॉक्टरांनी सोडियम क्लोराईडचं, म्हणजे मिठाचं, मलम लिहून दिलं असेल तर ते, थोडं झोंबतं. दिवसा प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब चार वेळा. पंखा तोंडावर नको. जाग आली की डोळा तसाच मिटलेला ठेवा, आतल्या आत बुबुळं डावी-उजवीकडे फिरवा, नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब सोडा आणि मिनिटभराने हळू उघडा. चोळायचं अजिबात नाही.

माती होते ती पुढे. दुखायचं थांबलं की पंधरा दिवसांत ट्यूब फ्रिजवर जाऊन पडते. पहाटेच्या दुखण्याच्या शेवटच्या झटक्यापासून किमान तीन महिने मोजा, एकही रात्र न चुकवता.

आणि तपासताना घातलेले ते बधिर करणारे थेंब! क्षणात आराम पडतो, म्हणून लोक मेडिकलमधून तीच बाटली मागून आणतात. ते साल भरूच देत नाहीत. घालत राहिलं तर कॉर्निया वितळून डोळा जाऊ शकतो. उरलेले स्टेरॉईडचे थेंबही मनाने नकोत. तूप, मध, अंगावरचं दूध डोळ्यात घालायचं नाही, यावर वाद घालायची माझी तयारी नाही.

एवढं करूनही झटके आले तर बँडेज लेन्स (साल झाकून ठेवणारी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स), सैल साल खरवडणं किंवा लेसर आहे.

हे सगळं नखाच्या ओरखड्यापुरतं. उसाची पात किंवा भाताचं लोंबर लागलं असेल, दिवसभर ठणकत असेल, नजर अंधुक झाली असेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर बुरशीची शंका धरून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.