आरएनएचं औषध शरीरात टिकतं कसं?

प्रश्न : मॅडम, मी एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे. ग्लोव्हज, बर्फ, वेगळ्या टिप्स अशी सगळी काळजी घेऊनही माझा आरएनएचा नमुना खराब होतो. इतका नाजूक रेणू रक्तात टिकून औषधाचं काम कसा करतो? आणि आरएनए नॅनोतंत्रज्ञान म्हणजे नक्की काय? – एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : नमुना बिघडला म्हणून खट्टू होऊ नकोस. (इतर वाचकांसाठी: आरएनए म्हणजे डीएनएचा भाऊबंद, चार रासायनिक अक्षरांच्या साखळीचा रेणू; जनुकाचा निरोप पेशीत पोचवण्यासारखी कामं तो करतो.) आरएनए तपासायच्या जेलवर २८एस आणि १८एस या मोठ्या आरएनएंचे दोन ठसठशीत पट्टे दिसायला हवेत, तिथे खालपर्यंत उतरलेला पसरट डाग दिसतो. आरएनएवर काम करणाऱ्या प्रत्येकाने तो पाहिलेला असतो. आरएनए कापणारी विकरं (एन्झाइम्स) आपल्या बोटांवर असतात, धुळीत असतात. त्यातलं आरएनएज ए तर उकळूनही पुरतं निकामी होत नाही. रक्तातही ती असतातच. साधा आरएनए शिरेतून दिला, तर काही मिनिटांत त्याचे तुकडे पडतात.

या नाजूकपणाचं मूळ आरएनएच्या साखळीतल्या रायबोज शर्करेच्या दुसऱ्या कार्बनवर आहे. तिथे ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) गट असतो, डीएनएत तो नसतो. हा ओएच शेजारच्या फॉस्फेटवर चाल करून जातो आणि साखळी तिथेच तुटते. आरएनएज ए हीच क्रिया वेगाने घडवून आणतं. म्हणून रसायनतज्ज्ञांनी तो ओएच काढून तिथे फ्लोरीन किंवा मिथॉक्सी गट बसवला. त्यातही आरएनएज ए मुख्यतः आरएनएच्या चार अक्षरांपैकी सी आणि यू यांच्या पुढे कापतं, त्यामुळे एवढ्या दोन अक्षरांवर फ्लोरीन बसवला तरी रेणू रक्तद्रवात कितीतरी जास्त टिकतो. आरएनए औषधांच्या बातम्यांत या कामाचा उल्लेखही नसतो, याचं मला फार वाईट वाटतं. ते झालं नसतं तर पुढचं बरंचसं घडलंच नसतं.

आता नॅनोतंत्रज्ञान. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली खपतात. पहिलीत आरएनए हा माल असतो आणि त्याला नेणारा कण दुसऱ्याच कशाचा तरी असतो. कोविडच्या एमआरएनए (निरोप नेणारा आरएनए) लशी अशाच; त्यांचे कण मेदाचे. आपल्या हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीची लसही त्यातलीच. जून २०२२ मध्ये तिला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली आणि ती साध्या फ्रिजच्या २ ते ८ अंशांवर ठेवता येते. दुसरीत आरएनए स्वतःच बांधकामाचं साहित्य असतो. खरं आरएनए नॅनोतंत्रज्ञान ते हे.

त्याची सुरुवात औषधाच्या शोधातून झालीच नाही. फाय२९ नावाचा विषाणू बॅसिलस सबटिलिस या जिवाणूवर जगतो. त्याला आपला सुमारे १९,००० अक्षरजोड्यांचा डीएनए इवल्याशा कवचात ठासून भरायचा असतो. १९८७ मध्ये पेइश्वान ग्वो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की या भरणीला १२० अक्षरांचा एक छोटा आरएनए लागतोच लागतो. पुढे १९९८ मध्ये कळलं, की त्याच्या अनेक प्रती फुगडीतल्या पोरींसारख्या एकमेकींत हात गुंफून कडं तयार करतात. म्हणजे अक्षरं बदलून कोणी कोणाचा हात धरायचा हे आपण ठरवू शकतो!

याच रेणूतून ग्वो यांच्या गटाने तीन तोंडांचा एक सांधा वेगळा काढला. तीन छोटे धागे एका नळीत मिसळायचे, ते आपोआप जुळतात. एका फांदीवर जनुकाचा आवाज बंद करणारा एसआयआरएनए, दुसरीवर कर्कपेशी ओळखणारा भाग, तिसरीवर चमकणारा रंग. हा सांधा असे जोड सोडवणाऱ्या ८ मोलर युरियाच्या तीव्र द्रावणातही सुटत नाही, आणि खूप विरळ केला तरी टिकतो. माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट ही दुसरी. सुईतला थेंब लिटरभर रक्तात मिसळला, की कच्चा जोड लगेच सुटतो.

तरीही अडतं कुठे? पेशीत शिरलेला कण एंडोसोम नावाच्या पिशवीत अडकतो आणि बहुतेक वेळा तिथेच संपतो. मेदकणांतून दिलेल्या एसआयआरएनएचं मोजमाप झालं आहे. त्यात पिशवीबाहेर पडणारे रेणू शंभरात एक-दोनच निघाले. पीएच.डी. करायची मनात असेल, तर हा प्रश्न घे.

घडी पडून आलेला आरएनएचा आकारच औषध ठरतो, याचं उदाहरणही आहे. २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं पेगॅप्टानिब हे २८ अक्षरांचं आरएनए औषध. डोळ्याच्या पडद्यामागे नको तिथे रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाला ते घडीच्या जोरावर धरून ठेवायचं. त्यापेक्षा गुणकारी प्रतिपिंडं आली आणि ते मागे पडलं.

प्रश्न : वडिलांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ते कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या घेऊनही उतरत नाही. डॉक्टर वर्षातून दोनदा घ्यायचं इंजेक्शन सुचवतात. ते आरएनएचं आहे म्हणे. त्याने जनुकं बदलतात का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. हे इंजेक्शन म्हणजे इन्क्लिसिरान. ते एलडीएल वाढवणाऱ्या पीसीएसके९ या प्रथिनाचा निरोप, म्हणजे एमआरएनए, यकृताच्या पेशीत कापतं. डीएनएला हात लावत नाही. त्याला जोडलेल्या शर्करा यकृताच्या पेशी ओढून घेतात, म्हणून मेदकणही लागत नाही. डोस २८४ मिलिग्रॅमचा: पहिला, तीन महिन्यांनी दुसरा, मग दर सहा महिन्यांनी. एलडीएल साधारण निम्म्यावर येतं. थांबवलं की परिणाम हळूहळू ओसरतो. मात्र स्टॅटिन मनाने बंद करू नका.

प्रश्न : भावाला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. ‘आरएनए नॅनोकणांनी गाठ विरघळते’ असा व्हिडिओ आला आणि एका केंद्राने मोठी रक्कम आगाऊ मागितली. केमो थांबवून तिकडे जावं का? – एक बहीण, लातूर

उत्तर : ताई, केमो थांबवू नका आणि पैसे भरू नका. वर सांगितलेले आरएनएचे कण उंदरांतल्या गाठींपर्यंत पोहोचले आहेत, हे खरं. पण त्यांच्यापासून बनलेलं कॅन्सरचं एकही मान्यताप्राप्त औषध नाही. कोणी ‘चाचणी चालू आहे’ म्हणालं, तर भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीतला क्रमांक मागा. २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे, आणि खऱ्या चाचणीत रुग्णाला औषध विकत नाहीत. क्रमांक देता येत नसेल तर विषय तिथेच संपवा.

त्याऐवजी फाईल घेऊन तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांना किंवा परळच्या टाटा रुग्णालयात एवढं विचारा: भावाची बीआरसीए या कॅन्सरशी संबंधित जनुकाची तपासणी झाली आहे का? दोष सापडला आणि प्लॅटिनमच्या केमोने आजार आटोक्यात राहिला, तर पुढे ओलापॅरिब ही गोळी देता येते. दोष निघालाच तर तुमचीही तपासणी करून घ्या.