डोळ्याच्या पडद्यावर काम करायचं म्हणतेस, तर

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. मामांना रातांधळेपणा आहे, डॉक्टरांनी कागदावर रेटिनायटिस पिगमेंटोजा, म्हणजे डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी हळूहळू मरत जाण्याचा आनुवंशिक आजार, लिहिलंय, काळोखातून होडीवर जाणं त्यांनी सोडलंय आणि म्हणून तुला पीएचडी रेटिनावरच, म्हणजे डोळ्याच्या पडद्यावरच, करायची आहे. हे कारण पुरेसं आहे, मुलाखतीत ते सांगायला लाजू नकोस. पण पत्रभर तू एकच विचारतेस: कोणता रेणू दिला तर पेशी वाचतील? तो प्रश्न थोडा बाजूला ठेव. आधी हे विचार की निरोप कोणती पेशी देते, कोणती ऐकते, आणि ऐकणारी त्या वेळी कोणत्या अवस्थेत असते.

गर्भात एकसारख्या दिसणाऱ्या पूर्वपेशींपासून पडद्याचे सात मुख्य पेशीप्रकार घडतात, तेही साधारण ठरलेल्या क्रमाने. मेंदूकडे निरोप नेणाऱ्या गँग्लियन पेशी सर्वांत आधी, उजेडात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी लवकर, अंधुक उजेडात कामी येणाऱ्या दंडपेशी बऱ्याच नंतर, आधार देणाऱ्या म्युलर ग्लिया शेवटी. शंकूपेशी आणि दंडपेशी मिळून प्रकाशपेशी. तयार झालेल्या गँग्लियन पेशी सॉनिक हेजहॉग नावाचं प्रथिन सोडतात. त्यामुळे मागच्या पूर्वपेशी विभागत राहतात आणि गँग्लियन पेशींची भरती आवरली जाते. नॉच हा संकेत शेजारच्या पेशीला अजून पूर्वपेशीच राहून थांबायला लावतो. उंदराच्या वाढत्या पडद्यातून नॉच१ काढून टाकला की पूर्वपेशी घाईने प्रकाशपेशी होतात. गर्भावस्थेत लवकर काढला तर शंकूपेशींचा भरणा होतो, जन्मानंतर काढला तर जवळजवळ सगळ्या दंडपेशीच निघतात. काढलेला रेणू तोच आहे, वेळ बदलली म्हणून उत्तर बदललं. हा एक प्रयोग नीट पचव, मग बाकीचं वाच.

प्रयोगाला सुरुवात मात्र माशीपासून कर. आंबा बागायतदार सापळे लावून पकडतात ती फळमाशी नव्हे. पिकल्या केळ्यांवर घिरट्या घालणारं बारीक चिलट, ड्रोसोफिला. तिच्या डोळ्यात सुमारे ८०० नेत्रिका, म्हणजे छोटे छोटे डोळे, असतात आणि प्रत्येकीत आठ प्रकाशपेशी. आठव्या पेशीच्या पृष्ठभागावरचं बॉस हे प्रथिन शेजारच्या पेशीवरच्या सेव्हनलेस या ग्राहीला, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला, भेटतं, तेव्हाच ती पेशी सातवी प्रकाशपेशी होते. ग्राही बिघडला तर सातवी पेशी तयारच होत नाही. सेव्हनलेसच्या पुढे रास प्रथिनाची जी साखळी चालते, तीच माणसाच्या अनेक कर्करोगांत बेफाम झालेली दिसते. माशीचा डोळा पाहून माणसाचा आजार कळतो तो असा. शिवाय माश्या पाळायला खर्च कमी, आणि चुकलं तर पंधरवड्यात पुढची पिढी हातात.

आता मामांच्या आजाराकडे. बहुतेक वेळा बिघाड दंडपेशी वापरतात अशा जनुकात असतो, म्हणून आधी रात्रीचं दिसणं जातं. मग ते जनुक न वापरणाऱ्या शंकूपेशीही का मरतात? मला या विषयात सगळ्यांत जास्त हाच प्रश्न ओढतो. २००४ साली लेव्हेयार, साहेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दंडपेशी सोडत असलेलं एक प्रथिन शोधलं. शंकूपेशी टिकायला ते लागतं. २०१५ साली त्याची रीत कळली: ते शंकूपेशीवरच्या बॅसिजिन-१ या प्रथिनाला चिकटतं आणि पेशीत ग्लुकोजची आवक वाढते. दंडपेशी गेल्या की तो आधार जातो. एवढंच कारण नाही. दंडपेशी नसल्यामुळे न वापरलेला ऑक्सिजन साठतो आणि तोही शंकूपेशींना बाधतो.

दुसरा शेजारी म्हणजे पडद्यामागचा रंगद्रव्य-पेशींचा थर. प्रकाशपेशी आपल्या बाहेरच्या टोकाचा साधारण दहावा हिस्सा रोज टाकते आणि हा थर तो गिळून पचवतो. गिळण्यासाठी एमईआरटीके हा ग्राही लागतो. तो बिघडला तर प्रकाशपेशी स्वतः धडधाकट असूनही कचऱ्यात मरते.

म्हणून 'एक रेणू द्या, पेशी वाचतील' या बातमीपाशी थांब. सीएनटीएफ हा रेणू प्राण्यांमध्ये प्रकाशपेशींना वाचवताना दिसला. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत तो सोडणाऱ्या प्रत्यारोपाला मंजुरी मिळाली, पण मॅक्युलर टेलँजिएक्टेशिया टाइप २ या पडद्याच्या वेगळ्या आजारासाठी. रेटिनायटिस पिगमेंटोजाच्या चाचण्यांत त्याने दृष्टी सुधारली नाही. २०१७ साली मंजूर झालेली जनुकोपचाराची पद्धतही आरपीई६५ जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्यांनाच लागू पडते. मामांना यातलं काही आशा म्हणून सांगण्याआधी त्यांचं जनुक कोणतं ते कळायला हवं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत किंवा चेन्नईच्या शंकर नेत्रालयात जनुकीय तपासणीची विचारपूस कर. जाताना तीन पिढ्यांची वंशावळ घेऊन जा, मामा-आतेच्या नात्यातली लग्नं स्पष्ट लिहून. अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा त्यांना आपल्या मनाने देऊ नका. काही जनुकदोषांत त्याने अपायच होतो.

प्रयोगशाळा मिळेपर्यंत हात रिकामे ठेवू नकोस. बंदरावर उतरलेला ताजा बांगडा आणि ताजं म्हाकूल (स्क्विड) आण. नव्या ब्लेडने दोघांचे डोळे उघड, डोळ्यातलं भिंग बाजूला कर आणि हातातल्या साध्या भिंगातून पडदा बघ. बांगड्याच्या प्रकाशपेशींची टोकं आपल्यासारखीच प्रकाशाकडे पाठ करून मागच्या काळ्या थराकडे वळलेली असतात. म्हाकुलाची थेट उजेडाकडे. उजेड पडला की आपल्या प्रकाशपेशीतला सीजीएमपी हा निरोप्या रेणू घटतो आणि तिच्या पडद्यातल्या आयन आत सोडणाऱ्या वाहिन्या मिटतात. म्हाकुलाच्या पेशीत फॉस्फोलायपेज सी या विकराची साखळी चालून वाहिन्या उघडतात. उजेडाचा निरोप वाचायच्या दोन निराळ्या रीती, आणि दोन्ही एका टोपलीत! बांगड्याच्या पडद्याची कड विशेष बघ. हाडांचा सांगाडा असलेल्या माशांत त्या कडेला पूर्वपेशी आयुष्यभर टिकतात आणि मासा वाढेल तसा पडदाही वाढतो. आपल्यात तसं घडत नाही. का घडत नाही, यावर तू पीएचडी केलीस तर मला फार आनंद होईल.

पेशी या भिंगातून दिसणार नाहीत, थर आणि कड दिसेल. तेवढंच काढ, पेन्सिलीने, आणि जे पुस्तकात आहे पण तुला दिसलं नाही ते चित्रात घालू नकोस. प्रत्येक चित्राखाली तारीख आणि माशाची लांबी लिही. जूनमध्ये मासेमारी बंद होण्याआधी निदान लहान-मोठ्या चार बांगड्यांची चित्रं पाठव, म्हणजे पडदा किती वाढला ते मोजून बघता येईल.

आईला नमस्कार सांग. वंशावळ लिहायला तिचीच मदत होईल.

तुझे,
सर